ग्राफ फिरवला आणि तेल्या सापडला!

हे मला आधी कुणी का दाखवलं नाही? माउस दाबून धरला, ग्राफ जरासा फिरवला, आणि इतका वेळ एकसंध दिसणारा ठिपक्यांचा पुंजका डोळ्यांदेखत दुभंगला! एक तेल्याचा, दुसरा भलत्याच कुणाचा.

सांगोल्याकडे मामांची भगव्या डाळिंबाची बाग आहे. तिथलं तेल्या रोग पडलेलं पान आणून त्यातला डीएनए आम्ही वाचून घेतला होता. आता पानाचा डीएनए वेगळा आणि जिवाणूचा वेगळा, अशी सोय त्यात नसते. सगळी भेसळ. संगणकाने जोडून दिलेले हजारो तुकडे आणि प्रत्येकाच्या कपाळावर नुसता नंबर. कुठला डाळिंबाचा, कुठला झॅन्थोमोनासचा म्हणजे तेल्याच्या जिवाणूचा, हे शोधून नाव लावायचं काम आपलं. मी एक्सेलच्या ओळी चाळत एकेक तुकडा ब्लास्टमध्ये, म्हणजे ओळखीच्या डीएनएशी ताडून बघणाऱ्या शोधयंत्रात, टाकत बसलो होतो. अक्षरशः घायकुतीला आलो होतो.

मग एका मैत्रिणीने पायथॉनमधली ग्राफ काढायची साधनं, प्लॉटली आणि डॅश, दाखवली. दोन्ही फुकट! थोडा कोड लिहिला आणि प्रत्येक तुकडा एक ठिपका होऊन स्क्रीनवर तरंगायला लागला, पिकल्या फळावरच्या चिलटांच्या थव्यासारखा.

तीन अक्ष. पहिल्यावर डीएनएच्या चार अक्षरांपैकी जी आणि सी यांचं प्रमाण. डाळिंबात ते 40 टक्क्यांच्या आसपास, झॅन्थोमोनासमध्ये 65 च्या घरात, म्हणजे फारकत इथेच सुरू. दुसऱ्यावर तो तुकडा किती वेळा वाचला गेला ते. पानाच्या एकेका पेशीत हरितलवकाच्या डीएनएच्या ढिगाने प्रती असतात, त्यामुळे सुमारे 1 लाख 58 हजार अक्षरांचा तो इवलासा जीनोम थेट वर जाऊन बसतो. त्याला नाव द्यायला मला एक मिनिटही लागलं नाही.

खरी गंमत तिसऱ्या अक्षाची. चार अक्षरांचे शब्द 256 होतात, उलट्या धाग्यावरचे जोडीदार एकत्र धरले की उरतात 136. कुठला शब्द किती वेळा येतो, याची प्रत्येक जिवाची आपली खोड असते. त्या 136 आकड्यांचा सारांश काढून एक आकडा तिसऱ्या अक्षावर टाकायचा. सपाट ग्राफवर 60-65 टक्क्यांपाशी जो एकच ढग दिसत होता, त्याचे या बाजूने पाहिलं तर दोन निघाले! ठिपक्यावर टिचकी मारली की बाजूला तुकड्याचा नंबर आणि लांबी उघडते. तिथून दोन-चार तुकडे ब्लास्टला विचारले. एका ढगातून झॅन्थोमोनास आला, दुसऱ्यातून स्यूडोमोनास, पानावर हमखास सापडणारा. नाव टाइप केलं, ठिपक्यांचा रंग बदलला, तक्त्यातला रकाना आपोआप भरला. हजार वेळा विचारायचं ते चार वेळा विचारून भागलं.

अर्थात शेजारी बसला म्हणून नातेवाईक, असं धरून चालत नाही. दोन हजार अक्षरांहून लहान तुकडे तर मी सरळ बाहेरच काढतो. 136 शब्दांचा हिशेब लागायला त्यांच्यात अक्षरंच पुरत नाहीत, मग ते कुठेही भरकटतात. डाळिंबाचा ढग मात्र बिनघोर पडताळता येतो, कारण आपल्या सोलापूरच्याच केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राने 2022 मध्ये भगव्याचा संदर्भ जीनोम प्रसिद्ध केलाय. जगाने वापरावं असं काम, आणि ते आपल्या गावात झालंय! हे गावात किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे.

आता सगळा जीव अडकलाय तो झॅन्थोमोनासच्या ढगाला लागून असलेल्या मूठभर ठिपक्यांत. जी-सी थोडं कमी, वाचनं मात्र कितीतरी जास्त. ब्लास्टला विचारलं तर प्लाझ्मिडची जनुकं! मूळ गुणसूत्राबाहेरचे हे डीएनएचे गोल एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात, आणि तांब्याला, स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणारी जनुकं झॅन्थोमोनासमध्ये बरेचदा यांच्यावरच असतात. मामा हीच दोन औषधं मारतात, आणि फोन केला की त्यांचं एकच: ‘‘अरे, फवारून फवारून दमलो, तेल्या हटंना. असं का, ते तुझ्या कॉम्प्युटरला विचार की!’’

विचारतोय मामा. त्या मूठभर ठिपक्यांतलं एकेक जनुक आता उघडून बघतोय.