न ओसरणारा शोक

शोकाचा निचरा झाला म्हणजे मन हलकें होतें, हें ॲरिस्टॉटलचें मत आम्ही वर्गांत वर्षानुवर्षें सांगत आलों. परंतु कांहीं शोक जडच राहूं द्यावे लागतात.

१४ जून २०१७ रोजीं लंडनमधील ग्रेनफेल टॉवर ही चोवीस मजली इमारत पेटली व ७२ माणसें प्राणांस मुकलीं. चौथ्या मजल्यावरील एका फ्रिजपासून लागलेली आग, भिंतींवर बाहेरून बसविलेल्या ज्वालाग्राही तक्त्यांमुळें थेट माथ्यापर्यंत पोहोंचली. आगीच्या धोक्याची सूचना रहिवाशांनीं पूर्वींच दिली होती.

प्रथम अन्नवस्त्रांचे ढीग लागले. संतप्त जमाव नगरपालिकेच्या कचेरींत शिरला. अशी दया व असा संताप आपणांसही परिचित आहे. दोन्ही लवकर ओसरतात. परंतु तेथील लोक पुढें दरमहा १४ तारखेस, एक शब्दही न बोलतां, रस्त्यानें मिळून चालूं लागले. हे सर्व मृत्यु टाळतां येण्याजोगे होते, असा निर्वाळा चौकशीच्या अखेरच्या अहवालानें दिला, तो २०२४ सालीं.

वाचकहो, वर्गणी देऊन आपण मोकळे होतों. त्या मूक लोकांनीं स्वतःस मोकळें होऊं दिलें नाहीं, आणि अधिकाऱ्यांसही नाहीं.