डोंगलराव

हे डोंगलराव. अंगठ्याच्या नखाएवढे. लॅपटॉपच्या यूएसबी खाचेत शिरले की बाहेर नुसतं टोपडं दिसतं. पण मूर्तीवर जाऊ नका. यांनी भल्याभल्या इंजिनिअरांना रात्र रात्र जागवलं आहे.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची देखभाल संपली आणि बऱ्याच घरांतल्या जुन्या लॅपटॉपवर कुणी ना कुणी लिनक्स घालून दिलं. मशीन तरतरीत झालं, आवाज आला, पडदा नीट दिसला. अडलं ते वायफायपाशी. आतलं कार्ड एक तर गेलेलं, नाही तर नव्या जगाशी बोलणं सोडलेलं. मग कुणीतरी म्हणतं, “एक डोंगल लाव ना, स्वस्तात काम होईल.” आणि राव घरात येतात.

खोक्यावर ठसठशीत छापलेलं असतं, ‘प्लग अँड प्ले’. ते विंडोजवाल्यांसाठी. इथे यांच्यातले काही जण आल्या आल्या सोंग घेतात: आम्ही वायफाय नाहीच, आम्ही सीडी ड्राइव्ह! पोटात एक लुटुपुटूची सीडी असते, तिच्यात विंडोजचा ड्रायव्हर. विंडोजने तो उचलून घेतला की सोंग उतरतं. लिनक्सला त्या ड्रायव्हरचं काय करायचं? ते बापडं पडद्यावर सीडीचं चित्र काढतं आणि पुढच्या कामाला लागतं. आपण वायफाय शोधतोय आणि राव सीडी होऊन बसलेत. अशा वेळी ‘यूएसबी मोडस्विच’ नावाचा मध्यस्थ घालावा लागतो. काही रावांना मात्र साधा ‘इजेक्ट’चा हुकूम पुरतो. नसलेली सीडी बाहेर पडते आणि राव प्रकट होतात.

पुढचा स्वभाव जास्त महत्त्वाचा. यांचं नाव विचारून काही कळत नाही, कूळ विचारावं लागतं. टीपी-लिंकचा ‘टीएल-डब्ल्यूएन722एन’ घ्या. पहिल्या आवृत्तीत अ‍ॅथेरॉसची चिप होती, लिनक्समध्ये लावली की चालणारी. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेक आली. नाव तेच, आतला माणूस दुसरा. पहिल्याची कीर्ती ऐकून दुसऱ्याला घरी आणलेले लोक जगभर आहेत.

म्हणून टर्मिनल उघडायचं आणि ‘एलएसयूएसबी’ टंकायचं. यादीत रावांच्या ओळीवर चार-चार खुणांचे दोन गट दिसतात, मध्ये विसर्गासारखी दोन टिंबं. ‘0बीडीए’ आलं तर घराणं रिअलटेकचं. पुढे ‘8179’ असेल तर स्वारी आरटीएल8188ईयूएस. खोक्यावर काहीही छापलेलं असो, या ओळीपुढे रावांना खोटं बोलता येत नाही. (सीडीच्या सोंगात असतील तेव्हा मात्र बोलतात, आधी सोंग उतरवून घ्यावं.)

कूळ कळलं, ड्रायव्हर लागला, तरी राव ढिम्म. का, ते लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या रोजनिशीत, ‘डीमेसेज’मध्ये असतं: फर्मवेअर लोड झालं नाही, त्रुटी उणे दोन. उणे दोन म्हणजे फाइल सापडली नाही. गंमत अशी की रावांना स्वतःचं काम पाठ नसतं. वीज गेली की पाटी कोरी. दर वेळी संगणकाने ती फाइल त्यांना भरवायची, मग यांना आपण कोण ते आठवणार. फाइलीचा स्रोत कंपनीने खुला केलेला नसतो, त्यामुळे डेबियनच्या सोवळ्या मंडळींनी ती आपल्या अधिकृत इन्स्टॉलरबाहेर ठेवली होती. 2022 मध्ये त्यांनी मतदान घेतलं आणि 2023 च्या डेबियन 12 पासून ती आत आली. तोवर फाइलीसाठी इंटरनेट, इंटरनेटसाठी राव आणि रावांसाठी फाइल असा फेरा. आजही कधी त्यात सापडलात तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करावं. फोन एका मिनिटात, कसलेही आढेवेढे न घेता इंटरनेट देतो. रावांचा याहून मोठा पाणउतारा नाही.

यांच्या काही भाऊबंदांचे ड्रायव्हर कर्नलच्या ‘स्टेजिंग’ विभागात वर्षानुवर्षं उमेदवारी करत होते. तिथला ड्रायव्हर लोड झाला की रोजनिशीत नोंद पडते: हा स्टेजिंगमधला आहे, दर्जा ठाऊक नाही, तुम्हाला बजावून ठेवलंय. स्थळं सुचवणाऱ्यांनी इतकं खरं बोलावं!

बरं, चालू झाले की लगेच रुबाब. राउटर 5 गिगाहर्ट्झवर असेल तर स्वस्तातले राव म्हणणार, इथे असलं काही नेटवर्क नाहीच. यांची दृष्टी 2.4 पर्यंत. त्यातही आपण अमेरिकेत आहोत अशी समजूत करून बसले असतील तर 11 व्या चॅनलपुढचं दिसत नाही. भारतात 13 पर्यंत मुभा आहे. देश कुठला ते सांगावं लागतं, आणि सांगितलेलं सगळेच ऐकतात असं नाही. शिवाय दोन क्षण काम नसलं की डुलकी. हाक मारली तरी उठत नाहीत, आणि आपण बिचाऱ्या राउटरला दोष देत बसतो. ‘पॉवर सेव्हिंग’ बंद केलं की बरेचसे ताळ्यावर येतात.

ज्यांचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नाही, बाहेरून आणून बांधलेला आहे, त्यांची तऱ्हा आणखी वेगळी. कर्नल नवं आलं की हे फुरंगटून बसतात. ‘डीकेएमएस’ला सांगून ठेवलं तर तो दर नव्या कर्नलबरोबर ड्रायव्हर पुन्हा बांधून देतो. पंधरा वर्षांच्या लॅपटॉपवर हे काम चाललं की पंखा जो घरघरतो, त्यात आपला चहा होतो.

तरीही घ्यायचेच असतील तर पुण्याच्या तापकीर गल्लीत नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा, पण आत चिप कुठली आहे ते आधी विचारा. दुकानदार राव उलटेसुलटे करून बघेल, खोकंही बघेल, आणि म्हणेल, “चिप ना? आहे की साहेब. चिपशिवाय चालेल का?”