पहिल्या दहा पानांचा उंबरठा

आपल्या निवासी शाळेची जडणघडण, इमारतीसाठी समाजबांधवांनी दिलेले श्रमदान आणि वसतिगृहाचे कष्टाचे दिवस यांविषयी या स्मरणिकेत जाणकार मंडळी लिहितीलच. माझ्याकडे अनेक वर्षे मराठीचे अध्यापन होते आणि ग्रंथालयाच्या दोन कपाटांच्या किल्ल्या होत्या. त्यामुळे माझ्या वाट्याला आलेला विषय लहान आहे. कादंबरीची सुरुवातीची पाने वाचकाला आत कशी ओढून घेतात, हा तो विषय. वरवर पाहता हा साहित्याच्या वर्गातला प्रश्न वाटेल. परंतु ज्या मुलाच्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरे पुस्तक कधी आलेच नाही, त्याच्या बाबतीत वाचनाचा निकाल बहुधा या पहिल्या पानांतच लागतो. तिथे तो परतला, तर पुन्हा कपाटाकडे येईलच अशी खात्री देता येत नाही.

आपल्याकडे येणारी बहुतेक मुले घरी अहिराणी बोलतात. शिंदखेडा, शिरपूर, साक्री, नंदुरबार या भागांतून आलेल्या मुलाला छापील मराठी ही जवळची असली तरी पाहुण्या घराची भाषा असते. त्यात कादंबरी जर पहिली चार पाने सूर्योदयाचे, राजवाड्याचे किंवा नायिकेच्या रूपाचे वर्णन करण्यात घालवीत असेल, तर मूल पुस्तक मिटते. यात मुलाच्या बुद्धीचा दोष नसतो. ‘हे कुणासाठी चालले आहे?’ या त्याच्या साध्या प्रश्नाला त्या पानांनी उत्तर दिलेले नसते.

मराठी कादंबरीच्या इतिहासात हा प्रश्न आरंभापासून आहे. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ 1857 साली आली. विधवांच्या दुःस्थितीचा विषय घेऊन ती वाचकासमोर उभी राहिली. पुढे हरि नारायण आपटे यांनी ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी ‘करमणूक’ या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध केली. साप्ताहिकाचा वाचक दर आठवड्याला नव्याने जिंकावा लागतो. हरिभाऊंनी त्यासाठी यमू या मुलीलाच बोलू दिले. तिने आपल्या लहानपणापासून सांगायला सुरुवात केली आणि वाचक कुणा लेखकाचे व्याख्यान ऐकण्याऐवजी एका मुलीचे बोलणे ऐकू लागला. आरंभाची पहिली गरज मला येथे दिसते. कुणीतरी आपल्याशी बोलत आहे, हा विश्वास वाचकाला मिळाला पाहिजे.

हा विश्वास देणारे पुस्तक आपल्या खानदेशाच्या फार जवळचे आहे. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. दोंडाईच्याहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत बसले की वाटेत ते अमळनेर लागते. मुलांच्या निवासात राहणारा, त्यांच्यासाठी राबणारा हा माणूस 1930 साली सत्याग्रहासाठी नोकरी सोडून गेला आणि 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्याने ‘श्यामची आई’ लिहिले. या पुस्तकाचा आरंभ आईपासून होत नाही, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात राहत नाही. आरंभी एक आश्रम आहे. तेथे राहणारी मित्रमंडळी आहेत, रात्रीची प्रार्थना आहे आणि ऐकायला जमलेली माणसे आहेत. श्याम त्यांना आपल्या आईच्या गोष्टी सांगणार आहे, रात्रीमागून रात्र. वाचकाला काही करावे लागत नाही. जमलेल्यांमध्ये जरा सरकून त्याच्यासाठी जागा केलेली असते.

वसतिगृहातील मुलांना ही जागा लगेच ओळखू येते. त्यांचीही सायंवंदना होते, जेवण होते आणि सतरंजीवर सगळे एकत्र बसतात. घरापासून दूर असलेल्या मुलाला आईविषयी बोलणाऱ्या माणसाजवळ बसावेसे वाटते. श्यामचे कोकण, तेथील समुद्र, तेथील घरातील चालीरीती आमच्या मुलांना सर्वस्वी परक्या. तरीही पुस्तक त्यांना सोडवत नाही. म्हणून ‘वाचकाला आपलेच जग दाखवा, मग तो वाचील’ हे मत मला पूर्णपणे मान्य नाही. जग परके असले तरी चालते. पण ऐकणाऱ्यांत आपल्याला बसू दिले आहे, हे कळले पाहिजे. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या पाठशाळेच्या आणि देवळाच्या बाहेर उभे केले गेले, त्या समाजातील मुलाला हे बसू देणे फार लवकर कळते आणि न बसू देणे त्याहूनही लवकर कळते. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून 1947 साली उपोषण करणाऱ्या गुरुजींच्या पुस्तकाचा दरवाजा असा असावा, यात नवल नाही.

आपल्या परंपरेतही याचा एक जुना दाखला आहे. पाली सुत्तांच्या आरंभी सांगणारा प्रथम हे स्पष्ट करतो की आपण जे सांगत आहोत ते ऐकलेले आहे. त्यानंतर भगवान त्या वेळी कोठे होते हे येते. सावत्थीचे जेतवन असेल, राजगृहाचे वेळुवन असेल. मग सोबत कोण होते, कोण प्रश्न घेऊन आला, हे येते. उपदेश त्यानंतर. परंपरा हे ऐकणे आनंदाच्या नावे सांगते. सुत्त ही कादंबरी नव्हे. तरीही साक्षीदार, स्थळ आणि आलेला प्रश्न या तीन गोष्टी अगोदर ठेवल्याने ऐकणारा कसा स्थिर होतो, हे आपण दर पौर्णिमेला अनुभवतो.

स्थळाविषयी बोलायचे तर व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1955) आठवते. एक तरुण मास्तर नेमणुकीच्या वाडीकडे पायी निघालेला असतो. त्याला तेथील काहीच ठाऊक नाही, आपल्यालाही नाही. त्याच्या पावलांबरोबर आपण धनगरांच्या त्या लहानशा वस्तीत पोचतो. शाळा आहे, पण पोरे मेंढरांमागे गेलेली. आता हा मास्तर काय करणार, एवढाच प्रश्न उरतो आणि तेवढा पुरतो. एकही मोठी घटना न घडता वाचक आत आलेला असतो, कारण नवख्या माणसाचे नवखेपण लेखकाने त्याच्याबरोबर वाटून घेतलेले असते.

याच्या उलट मार्ग अण्णा भाऊ साठे यांनी ‘फकिरा’त (1959) धरला. शाळेत फारसे न टिकलेल्या अण्णा भाऊंनी ही कादंबरी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली आणि 1961 साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. तिच्या सुरुवातीच्या भागात नायक नायक झालेलाच नाही. तो अजून पोर आहे. पुढे येतो तो त्याचा बाप राणोजी. आपल्या गावाला जत्रेचा मान मिळावा म्हणून शिगावची जोगणी आणण्याचे धाडस तो पत्करतो आणि त्यापायी प्राण गमावतो. गावाचा मान वाढविण्यासाठी मरतो तो गावाने वेशीबाहेर ठेवलेल्या वस्तीतला माणूस. हा सल अण्णा भाऊ समजावून सांगत बसत नाहीत. ते आपल्याला बापाचा मृत्यू दाखवतात आणि त्या मुलाकडे पाहायला लावतात.

कोसलाकारांना कसे विसरावे? यावल तालुक्यातील सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ 1963 साली आली, तेव्हा लेखक पंचविशीत होते. तिचा पांडुरंग सांगवीकर आरंभीच आपले नाव आणि वय सांगून मोकळा होतो. भव्य असे काही घडणार असल्याची घोषणा तो करीत नाही. पुण्याच्या वसतिगृहात राहायला गेलेल्या खानदेशी मुलाच्या बोलण्यातली लकब, अडखळ, तिरकसपणा पहिल्या पानापासून ऐकू येतो. आमच्या वरच्या वर्गातील मुले ती पाने ऐकताना हसतात. ‘असे लिहिलेले चालते का?’ असे त्यांतील एकाने विचारले होते. आपल्या बोलण्याला पुस्तकात जागा असू शकते, हे त्याला त्या दिवशी प्रथम कळले. दया पवारांचे ‘बलुतं’ (1978) हे आत्मकथन, कादंबरी नव्हे. पण त्याच्या आरंभी दगडू मारुती पवार आणि शिकलेला दया पवार हे एकाच माणसाचे दोन भाग समोरासमोर येतात. शिकून गाव सोडलेल्या आपल्या कितीतरी माजी विद्यार्थ्यांना ही भेट स्वतःची वाटेल.

या साऱ्यांतून मी एक साधी पद्धत धरली. रात्रीच्या अभ्यासिकेनंतर कादंबरीची पहिली दहा पाने मोठ्याने वाचायची, प्रश्न उभा राहिला की थांबायचे आणि पुस्तक टेबलावर ठेवून निघून जायचे. सारांश सांगायचा नाही, तात्पर्य विचारायचे नाही. प्रत एकच असल्याने दुसऱ्या दिवशी पाळी लावावी लागे.

असेच एकदा ‘फकिरा’ वाचून मी थांबलो. सातवीतला एक मुलगा मागून म्हणाला, “मंग त्या पोऱ्यानं काय व्हयनं, सर?” वर्षभर वर्गात तो क्वचितच बोलला होता. त्याचे आईवडील दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडणीला जात. त्या वर्षी घरी धाकटी बहीण तान्ही होती. तिला सांभाळायला हवे म्हणून ते त्यालाही घेऊन जायला आले. आम्ही पुष्कळ समजावले. वडील ऐकून घेत होते, पण त्यांची अडचण खरी होती. निघताना मुलाने पुस्तक मागितले आणि मुख्याध्यापकांनी ते नियमाबाहेर जाऊन दिले.

उन्हाळ्याच्या तोंडावर तो परत आला. पुस्तकाला खताच्या गोणीच्या आतल्या प्लास्टिकचे कव्हर होते. पहिली पाने इतकी हाताळलेली होती की कोपरे गोल झाले होते. शेवटची पाने बरीच नवी. मला वाटले, पुढे वाचले नसावे. विचारले, तर म्हणाला, पूर्ण वाचले. पण फडावर रोज कुणी नवे येऊन बसायचे, म्हणून सुरुवात पुन्हा वाचून दाखवावी लागायची. कोपीपुढच्या त्या श्रोत्यांपैकी बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. त्या वर्षी त्याची शाळा सुटली नाही, यामागे त्याच्या आईचा हट्ट होता. फडावर पोराला वाचताना पाहून तिनेच त्याला परत पाठवले, असे तिने मला नंतर सांगितले.

कादंबरीच्या आरंभाविषयी विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. मला त्या गोल झालेल्या कोपऱ्यांनी जे शिकवले ते एवढेच, की चांगला आरंभ एका वाचकापाशी थांबत नाही. तो पुढच्या ऐकणाऱ्यासाठी जागा करून ठेवतो.

माजी विद्यार्थी बंधुभगिनींना म्हणूनच माझी एक विनंती आहे. आपण शाळेला पुस्तके भेट देता, त्याबद्दल संस्था ऋणी आहे. पण पुढच्या वेळी पुस्तकांचा गठ्ठा कार्यालयात ठेवून निघू नका. सायंकाळपर्यंत थांबा. वंदना झाल्यावर मुलांबरोबर सतरंजीवर बसा, आपल्याला आवडलेल्या एका कादंबरीची पहिली दहा पाने मोठ्याने वाचा आणि नेमके जिथे मुले पुढे सरकतील तिथे थांबा. पालकांनाही हेच सांगेन. आपल्याला वाचता येत नसेल, तर सुट्टीत घरी आलेल्या मुलाला वाचायला सांगा आणि त्याच्यासमोर ऐकत बसा. पुढची पाने ती मुले आपली आपण वाचतील.