एका तोएची किंमत

आम्ही शिकवतो उर्दू माध्यमाच्या शाळेत आणि लिहितो मराठीत. दोन्ही भाषांत आमच्या बोटांनी आम्हाला एकेकदा दगा दिला आहे. उर्दूतला दगा अधिक लागला.

२०१९ साली आमच्या शाळेतले सर्वांत ज्येष्ठ शिक्षक निवृत्त झाले. आम्हाला अलिफ-बे त्यांनीच शिकवलेले. मानपत्र तयार करायचे काम आमच्याकडे आले. पूर्वी असे कागद कातिब आपल्या कलमाने लिहीत. आमच्यापाशी होता संगणक, आणि त्यावर अरबी कळफलक. अरबीत ट, ड, ड़ हे ध्वनी नाहीत, म्हणून त्या कळफलकावर ती अक्षरेही नाहीत. उर्दूने ती साध्या अक्षरांच्या डोक्यावर छोटा 'तोए' ठेवून घडवली. आम्ही ड़च्या जागी साधा 'रे' टंकला. मागाहून दुरुस्त करू म्हटले, ते राहूनच गेले.

मानपत्र चौकटीत बसून आले. 'बड़े उस्ताद' हवे होते, तिथे 'बुरे उस्ताद' झाले होते! उर्दूत ह्रस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. तोए गेला की बड़ेचे बुरे होतात. सभेत आम्ही तोंडाने 'बड़े'च वाचले, पण कागद तर सरांच्या घरी जाणार होता. सभा संपल्यावर सरांनी चौकट उघडली, खिशातले पेन आमच्या हाती दिले आणि म्हणाले, "बेटा, तोए तुम ही लगा दो. कसर हमारी पढ़ाई में रह गई होगी."

त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी संगणकाच्या शिक्षकांना गाठले. त्यांनी दाखवले ते इतके सोपे, की अधिकच लाज वाटली. वर्डमध्ये इंग्रजी आकड्यांत ०६९१ टंकायचे आणि 'अल्ट' धरून 'एक्स' दाबायचे. आकड्यांचा ड़ होतो. ०६७९ चा ट, ०६८८ चा ड. अक्षरामागे कर्सर ठेवून तेच केले की उलट त्याचा क्रमांक दिसतो. साध्या 'रे'चा निघाला ०६३१. म्हणजे बुरे आणि बड़े यांत अंतर एका आकड्याचे! अक्षर रोजचे असेल तर 'इन्सर्ट'मधल्या 'सिम्बॉल'मध्ये जाऊन त्याला आपल्या पसंतीची कळही नेमून देता येते.

मराठीचा दगाही असाच. स्नेहसंमेलनाच्या हिशेबात आचाऱ्यांना दिलेले पैसे आम्ही 'आचार्यांना' देऊन टाकले होते. सगळे हसले, आम्हीही हसलो. आता ०९३१ टंकून ऱ आणतो, मग हलन्त आणि य.

मुलांना आम्ही हे आकडे फळ्यावर लिहून देतो. सरांच्या भिंतीवर ते मानपत्र अजून आहे. छपाई काळी, तोए निळ्या शाईचा.