मामाचा डोळा

धामणगावात चेहरे काढायला स्टेशनासारखी जागा नव्हती. यवतमाळकडचे लोक गाडी धरायला इथंच येत. पॅसेंजर उशिरा असली की माणूस तासभर हलत नाही, फुकटचा मॉडेल! एलिमेंटरीच्या परीक्षेत वस्तुचित्र होतं, स्मरणचित्र होतं. समोरच्या माणसाचं तोंड मात्र कुणी शिकवलं नाही.

कोळसा घरचाच. पऱ्हाटीच्या बोटभर काड्या सोलायच्या, पत्र्याच्या डबीत ठासायच्या, झाकणाची फट चिखलानं लिंपायची अन् डबी चुलीच्या आरात पुरायची. धूर थांबला की काढायची, पण उघडायची नाही. गरम असताना हवा शिरली की सगळी राख. आईच्या शिव्या खात दोन-तीनदा राखच केली. खोडरबराऐवजी पावाचा मऊ गाभा. कागद म्हणजे जुन्या पावत्यांची कोरी बाजू.

मालधक्क्यावर एक हमाल होते, आम्ही त्यांना मामा म्हणायचो. रुईची गठाण बांधताना लोखंडी पट्टी सुटली अन् त्यांचा उजवा डोळा गेला होता. मी त्यांचं चित्र काढलं. मला वाटलं, कशाला दाखवायचं ते? चांगला डोळा पाहून दुसराही तसाच काढला अन् मोठ्या खुशीनं त्यांच्या हातात दिला.

मामा बराच वेळ पाहत राहिले.

"हा कोन व्हय रे?"

"तुमीच मामा."

"मंग माहा डोया कुठी ठेवला? अठ्ठावीस वर्सं झाले त्याले. तुले लाज वाट्टे का त्याची?"

मला बोलता येईना. ते तिथंच पोत्यावर बसले, टोपी सरळ केली. "काढ आता. नीट पाह्यजो."

तेव्हा मी पहिल्यांदा पाहिलं. पापणी आत बसलेली, तिच्यावरची भुवई उतरलेली. दुसऱ्या बाजूच्या कपाळाला मात्र खोल आठ्या. तो डोळा दोघांचं काम करत होता. कोळसा तिथं दाबून लावावा लागला. काळं उडू नये म्हणून साय काढलेल्या दुधात पाणी घालून तोंडानं फवारलं.

मामा कागद घडी न करता, दोन्ही हातांत धरून घरी घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी धक्क्यावर भेटले.

"मामी काय म्हने?"

"म्हने, मानूस बराबर हाय. टोपी कदी सरळ घालत नाही म्हने हा."

पहिलं चित्र अजून माझ्याकडे आहे. ते कुणाचं, हे मला सांगता येत नाही.