भांगाचे दिवस

गळ्यात तुळशीची माळ असलेल्या माणसाची पहिली नेमणूक मासळीच्या गावी व्हावी, ही विठोबाची थट्टाच म्हणायची. २००४ च्या जूनमध्ये मी शिक्षणसेवक म्हणून दातिवऱ्याला रुजू झालो. मानधन दरमहा तीन हजार रुपये. पालघर तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता; वेगळा जिल्हा व्हायला २०१४ चा ऑगस्ट उजाडायचा होता. सफाळे स्टेशनवरून एस.टी.ने निघालो आणि गाव जवळ येताच ओल्या जाळ्यांचा वास असा काही अंगावर आला की, खेड तालुक्यातल्या आमच्या कांद्याच्या शिवाराची आठवण होऊन जीव अगदी कासावीस झाला.

वैतरणा जिथे समुद्राला मिळते तिथे, उत्तरेच्या अंगाला, हे गाव. समोर पाण्यापलीकडे अर्नाळ्याचा किल्ला, मराठ्यांनी १७३७ साली घेतलेला. मला खोली मिळाली ती एका तांडेलाच्या पडवीलगत. वहिनींनी माझी माळ पाहिली आणि त्या काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सफाळ्याच्या बाजारातून एक नवे पातेले मात्र आले. ‘गुरुजींचं पातेलं’ म्हणून ते वेगळ्या फळीवर बसले आणि मी तिथे होतो तितकी वर्षे त्याला मासळीचा स्पर्श झाला नाही. देशावरच्या किती घरांत एका परक्या माणसाचा आचार इतक्या मुकाट्याने सांभाळला गेला असता, कोण जाणे!

तांडेल शाळेत गेलेला नव्हता. पण त्याला पाऊणकी तोंडपाठ होती. गावात भरतीचे घड्याळ तेच. तिथीची पाऊणपट करायची. येईल त्या आकड्याला पाणी भरते. चार पाऊण तीन, म्हणून चतुर्थीला तीन वाजता. आठ पाऊण सहा, म्हणून अष्टमीला सहा वाजता. थोडे इकडेतिकडे होते, पण त्यावर होडी हाकता येते. आमच्या पिढीला शाळेत पाऊणकी शिकवलीच नव्हती. ती मी ओट्यावर बसून, बिडीच्या धुरात, त्याच्याकडून शिकलो. त्या बदल्यात मी त्याला सही करायला शिकवली. सौदा माझ्याच फायद्याचा झाला.

त्या पाऊणकीने माझा हजेरीपटही उलगडला. काही मुले ठरावीक दिवशी गैरहजर राहत. मी पेन्सिलीने बाजूला तिथी मांडत गेलो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण. पाण्याला ओढ असते, डोल जाळी भरतात, घरचे प्रत्येक हात कामाला लागतात. अष्टमीच्या सुमारास भांग. पाणी मंद, जाळी रिकामी, वर्ग भरलेला. आज आमच्याच जिल्ह्यात असलेल्या बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बालशिक्षणाचे काम सुरू केले, पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. गुरे राखणारी पोरे शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणावर नेली. मला पाण्यात शाळा नेणे शक्य नव्हते. पण तांडेलाचा मुलगा सातवीत गेला, बाप त्याला कायमचा होडीवर घ्यायला निघाला, तेव्हा मी सरळ वाटणी मागितली.

“उधाणाचे दिवस तुमचे, भांगाचे माझे. बुडालेला अभ्यास मी रात्री करून घेईन.”

तांडेल बराच वेळ जाळे विणत राहिला. मग म्हणाला, “भांगात तसंही समुद्र काय देतो?”

११ नोव्हेंबर २००९ चा बुधवार भांगातलाच. बहुतेक होड्या किनाऱ्यावर होत्या. तांडेल मात्र जाळ्यांचे खुंट पाहायला दोघांना घेऊन पहाटेच गेला होता. मुलगा माझ्यासमोर बाकावर. दुसऱ्या दिवशी कार्तिक वद्य एकादशी, आळंदीची यात्रा. मी रजा मांडून पिशवी भरून ठेवली होती. फयान वादळ त्या दुपारी मुंबई आणि अलिबागच्या मधे किनाऱ्याला लागले. आमच्याकडे वारा वाढताच शाळा सोडली. सगळी पोरे पळाली, हा एकटा बसून राहिला. वहीच्या मागच्या पानावर त्याने काहीतरी लिहिले आणि ते पान माझ्यापुढे केले.

“दशमी लागली, गुरुजी. दहा पाऊण साडेसात. तोवर खाडीच्या तोंडात पाणी नाही. बाबा आत येणार नाही.”

साडेसातला आम्ही बंदरावर होतो. पाणी भरले, होडी आली नाही. वहिनी कुणाशी बोलत नव्हत्या. एका म्हाताऱ्याने दोनदा सांगितले की, वारा खालचा असला तर शहाणा माणूस अर्नाळ्याच्या आडोशाला जातो. कुणी होय म्हटले नाही, नाही म्हटले नाही. फोन लागत नव्हता. रात्री माझ्या खोलीत दिव्याशी बसून मुलाने पुन्हा आकडा मांडला. सकाळी एकादशी. अकरा पाऊण सव्वाआठ.

तो आकडा मी पाहिला, आणि रात्रभर घड्याळ. विठोबाचे नाव किती वेळा घेतले, त्याची मोजदाद नाही.

सव्वाआठ होऊन गेले. साडेआठाच्या सुमारास मुलगा एकदम पाण्याकडे धावला. आम्हाला काही दिसायच्या आधी त्याला काठी दिसली होती. होडी लागली तेव्हा तिघेही मिठाने पांढरे पडले होते. तांडेल उतरला, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घटकाभर उभा राहिला. मग माझ्याकडे पाहून घोगऱ्या आवाजात म्हणाला,

“आज एकादशी ना, गुरुजी? आमच्यापायी तुमची आळंदी राहिली.”