आप्पा दवाखान्यात असताना

आठवडाभर पानावर काही टाकलं नाही. बोंडअळीचे सापळे कसे चाललेत म्हणून फोन आले, पण मी शेतात नव्हतोच. आमचे मोठे भाऊ, आप्पा, फवारणीची विषबाधा होऊन आयसीयूत होते. आता घरी आलेत. तिथं डॉक्टर-सिस्टरांशी बोलताना जे कळलं ते लिहितो. शहादा-तळोद्याकडं पंप नाही असं घर दाखवा मला.

झालं असं. कपाशी छातीच्या वर गेलेली, दुपारचं ऊन, बॅटरीचा पंप झाकणातून गळत होता. सदरा पाठीवर पूर्ण ओला. पाचवा पंप संपवून आप्पा बांधावर बसले ते उठेनात. घाम, उलटी, तोंडातून लाळ, समोरचं अंधुक दिसायला लागलं. पुतण्याने सदरा काढून साबणपाण्यानं अंग धुतलं आणि 108 ला फोन लावला. पोरगं तिथं डगमगलं नाही, ते फार बरं झालं.

दवाखान्यात डॉक्टरांचा पहिला प्रश्न, काय मारलं? पुतण्या म्हणे, अळीचं औषध. डॉक्टर म्हणाले, अळीची औषधं खंडीभर आहेत, नाव सांगा. त्याने कंपनीचं नाव सांगितलं. आता हे नाव आपल्याला आणि दुकानदाराला पाठ असतं. डॉक्टरला त्याचा काय उपयोग? त्यांना आतला घटक पाहिजे. मी मळ्यात होतो. बाटली हुडकून लेबलचा फोटो पाठवला आणि वहीतलं पान पण पाठवलं: प्रोफेनोफॉस 40 टक्के अधिक सायपरमेथ्रिन 4 टक्के, पंपाला किती मिली, किती पंप, किती वाजता सुरू.

नंतर डॉक्टरांनी समजावलं. प्रोफेनोफॉस ऑर्गेनोफॉस्फेट गटातलं. किड्याच्या शरीरात जे कोलिनेस्टरेज बंद पाडून ते किड्याला मारतं, तेच माणसातही बंद पाडतं. म्हणून लाळ, घाम, बारीक झालेली बाहुली, छातीत भरलेलं पाणी. त्यावर ॲट्रोपिन देतात, छाती कोरडी होईपर्यंत. सायपरमेथ्रिनला असा खास उतारा नाही, लक्षण बघून इलाज करायचा. शेतीशाळेत हे 'क्रिया करण्याची पद्धत' म्हणून ऐकलं होतं. ते माझ्या भावाच्या छातीत चालू असलेलं बघायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

दुसरा प्रश्न आला आणि पुतण्या भडकला. "प्यायलेत का?" हा प्रश्न तीन वेगवेगळ्या लोकांनी विचारला, नंतर पोलिसांनीही. वहिनी समोर उभी. पुतण्या अंगावरच जायला निघाला, त्याला मी पॅसेजमध्ये नेलं. म्हटलं, बाबा, पोटात गेलंय का कातडीतून गेलंय यावर त्यांचं काम बदलतं, पोट धुवायचं का नाही ते ठरतं. आणि विषबाधेची पोलिसांत नोंद होतेच, आपल्यावर कोणी आळ घेत नाही. दुसरंही एक होतं, ते त्याला तेव्हा सांगितलं नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत फवारणीची विषबाधा बसते, आत्महत्या बसत नाही. माणूस गेला तर वारसाला 2 लाख. असा विचार भाऊ आत असताना मनात येणं वाईटच, पण येतो. म्हणून केसपेपरवर 'फवारणी करताना' हे शब्द लिहिलेत का, ते मी सिस्टरकडून वाचून घेतलं.

त्या दिवशीच ठरवलं, घरातून बोलायचं एकानेच. आमचे अकरा जण बाहेर बसलेले, प्रत्येक जण सिस्टरला वेगळं विचारणार, ती बिचारी चिडणार नाही तर काय. मग सकाळच्या राऊंडला मी एकटा जायचो आणि येऊन सगळ्यांना सांगायचो.

दुसऱ्या रात्री आप्पा बरळायला लागले. चादर ओढायची, हवेत हात फिरवायचे, वीस वर्षांपूर्वी विकलेल्या बैलाला हाका मारायच्या. वहिनीला ओळखेनात. आमच्यातला एक म्हणाला, डोक्यात विष चढलं, सुरतला हलवा. मी सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, काका, तोंड कोरडं, चेहरा लाल, बाहुली मोठी, हे ॲट्रोपिन जास्त झाल्याचं आहे, डॉक्टर डोस कमी करताहेत. सकाळपर्यंत बैल शांत झाला.

तिसऱ्या दिवशी सगळ्यांना हायसं वाटलं आणि डॉक्टर मात्र गंभीर. त्यांनी सांगितलं, या गटात 24 ते 96 तासांत मान आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात, तेव्हा मशीन लागतं. सिस्टर दर तासाला येऊन म्हणायची, "आजोबा, उशीवरून डोकं उचला." आप्पा ढिम्म. ती मराठवाड्याकडची, आप्पा गुंगीत, त्यांना कळतंय का मान उचलत नाही, कोण सांगणार? तिने मला आत बोलावलं. मी अहिराणीत विचारलं, "कसं शे आप्पा?" ओठ हलले, "बरं शे." मग आमच्या बोलीत सांगितलं, डोकं उचला. उचललं. चार बोटं, थरथरत, पण उचललं. सिस्टरने घड्याळ बघून लिहून घेतलं. पुढचे दोन दिवस दर वेळी ती मलाच हाक मारायची. मशीन लागलं नाही.

2017 ला यवतमाळमध्ये फवारणीने वीसेक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होती. तेव्हाही कपाशी डोक्याएवढी वाढली होती आणि फवारा तोंडावर येत होता. आपण इथं बसून वाचलं आणि दुसऱ्या दिवशी पंप भरला.

पानावरच्या कृषी सहायक आणि सल्लागार साहेबांना विनंती आहे. व्हॉट्सॲपवर औषध सुचवताना कंपनीच्या नावाबरोबर घटकाचं नाव मराठीत लिहा. लेबलवरची अक्षरं आमच्या वयाला भिंग लावून पण दिसत नाहीत. शेतकरी भावांनो, बाटलीचा फोटो फवारणीच्या आधी घरच्यांना पाठवा. दिल्लीच्या एम्समधलं विष माहिती केंद्र 1800 116 117 वर आहे, डॉक्टरही तिथं विचारू शकतात.

आप्पांना महिनाभर औषधाच्या वासालाही जाऊ नका सांगितलंय. ते रोज सकाळी बांधापर्यंत जातात, वहिनी मागोमाग जाते.